कपाळावरचा एक तुकडा

२८ सप्टेंबर, शनिवार

प्रताप आला होता. श्रीरामच्या ऑफिसातला. बेलव्ह्यूहून बॉथेलला येताना वाटेत कॉफी घेतली, एकट्यापुरती. त्याच्या मुलीचं, आर्यचं, डिसेंबरात लग्न आहे. प्रतापची आई मिनेसोटात, ईडन प्रेरीला, त्याच्या बहिणीकडे असते. तिचे गुडघे गेलेत, विमान झेपणार नाही. म्हणून आर्यला आजीचा चेहरा काचेत करून हवा आहे. पदराला लावायची पिन.

"वहिनी, तुमचं ते बारीक काचांचं मोझॅक. छोटंसंच."

छोटं म्हणजे थोडं काम, असा सगळ्यांचा समज. काच ज्योतीवर वितळवायची, ओढून केसासारखी काडी करायची, काडीचे तुकडे पाडायचे आणि भिंगाखाली एकेक तुकडा चिमट्याने लांबीच्या लगद्यात उभा करायचा. आणि हे सगळं अंगठ्याच्या पेराएवढ्या तांब्याच्या ताटलीत.

म्हटलं, "फोटो लावा ना."

"फोटो फिका पडतो, वहिनी. काच पडत नाही."

हे वाक्य मीच त्याला गेल्या दिवाळीत ऐकवलं होतं.

हो म्हटलं. एकच गोष्ट बजावली. लांबी जवसाच्या तेलात कालवलेली असते, महिनाभर मऊ राहते. तोवर काय ते बदला. वाळली की बदल नाही.

"ऑफ कोर्स," म्हणाला.

५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाच्या ग्रुपवर नवरात्राच्या हळदीकुंकवाचा मेसेज. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी लिहिलं, ऑर्डर आहे, जमणार नाही. ऑर्डर आहेच.

प्रीता सिअ‍ॅटलहून आली. मुलगी आली की आधी घर तपासते. बाथरूममधून ओरडली, "आई, आरशावरच्या या टिकल्या अजून तशाच? इट्स बीन थ्री इयर्स."

म्हटलं, ब्लेडने खरवडाव्या लागतील, आरशावर ओरखडे येतील. शिवाय लाल रंग जुळवायला बऱ्या पडतात. निरनिराळ्या मेकचे लाल आहेत तिथे.

"यू आर मॅचिंग ग्लास टु स्टिकर्स?"

"हो."

मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "आणि इथे काय लागलंय? व्हाइट आहे काहीतरी."

पॉलिशची पूड असेल. दिवसभर तीच उडत असते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

प्रतापने फोटो पाठवला. आई पन्नाशीतली, अमरावतीच्या घराच्या गच्चीवर. हिरवी साडी, मोठं लाल कुंकू. चेहऱ्यावर ऊन. फोटो चांगला आहे. सावली स्पष्ट पडली आहे, नाकाचा उतार मिळतो.

सगळ्या काड्या ओढल्या. कातडीचे अकरा रंग. कुंकवासाठी लाल एकच, पण तो जमेना. एक विटेवर गेला, दुसरा टोमॅटोवर. शेवटी आरशाजवळ घेऊन गेले. डावीकडची वरची टिकली जुळली.

२७ ऑक्टोबर, रविवार

काल लांबी कालवून ताटलीत भरली. आज कपाळ. कुंकू म्हणजे एकच तुकडा, मोहरीहून लहान. तो बसला की चेहरा एकदम त्या बाईचा झाला. मी तिला ओळखत नाही, तरी झाला.

फोटो काढून प्रतापला पाठवला. "वाव," म्हणाला. ती माझीच चूक. अर्धवट काम कुणाला दाखवू नये.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सातला फोन. मिनेसोटात तेव्हा नऊ वाजलेले असतात; इथे सातच, हे तिच्या लक्षात आलं नसावं. प्रतापची बहीण, नीना.

"अहिल्याताई, तुम्ही मला ओळखत नाही. दादाने फोटो फॉरवर्ड केला. ही कोण आहे?"

"तुमची आई."

"ही तीस वर्षांपूर्वीची आई. अकरा वर्षं झाली, बाबा गेल्यापासून आई कुंकू लावत नाही. तिच्या जाऊबाईंनी पुसलं. आई नको म्हणत होती, आणि दादा बाहेर व्हरांड्यात फोनवर फ्लाइट बदलत होता. आणि आता काचेचं लावून देतोय?"

म्हटलं, हे मला का सांगता? त्याला सांगा.

"त्याला सांगितलं. म्हणतो, लग्नात चारचौघांत बरं दिसेल. बरं म्हणजे काय हो? आहे तशी आई बरी दिसत नाही?"

आत्ताच्या आईचा फोटो पाठवते म्हणाली. पाठवला. चौऱ्याऐंशीची बाई, चष्मा, पांढरे केस, कपाळ कोरं, गुळगुळीत. सावली कुठे नाहीच. आजकालचे फोन सगळ्यांना साबण लावतात.

३० ऑक्टोबर, बुधवार

प्रतापला विचारलं. म्हणाला, "वहिनी, नीनाचं सोडा. कुंकू ठेवा."

ठेवलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

नीना. "दादा हो म्हणालाय. काढा."

प्रतापला मेसेज केला. अंगठा आला. लाल तुकडा उपटला, कातडीचा बसवला. शेजारचे चार हलले, तेही पुन्हा लावले. उजवी भुवई उचलली गेली. बाई कुणावर तरी संशय घेत असल्यासारखी दिसू लागली. भुवई नव्याने.

दिवाळीचा फराळ प्रीताने दुकानातून आणला. चकली मऊ. दोघींनी तशीच खाल्ली.

६ नोव्हेंबर, बुधवार

प्रताप. "तो अंगठा मी मीटिंगमध्ये दिला होता, वहिनी. वाचलं नव्हतं. कुंकू हवंच. लग्न आहे. सगळे भिंगातून बघणार."

"सगळे भिंग घेऊन येणार आहेत का?"

"गंमत नाही करत. माझ्या डोक्यात आई तशीच आहे. दुसरी मला येतच नाही डोळ्यांसमोर."

लाल पुन्हा लावला. लांबी कडेने घट्ट व्हायला लागली आहे.

आणि दोन बनवते म्हणावं, तर तेही सुचवून झालं. एक त्याला, एक बहिणीला. दोघांनी वेगवेगळे फोन करून एकच उत्तर दिलं: आई काय दोन आहेत?

भावंडं आहेत हे तेवढ्यावरून कळलं.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रताप पत्रिका द्यायला आला. रिसेप्शनची. "नक्की या, वहिनी. बाकीचं सगळं सकाळचं, घरातल्या घरात. हळद, ग्रहमख वगैरे. तुम्हाला कशाला दगदग."

बरं झालं. सकाळी कोण उठणार.

दाराशी थांबून त्याने विचारलं, "लाल आहे ना?"

"आहे."

"नीनाला फोटो पाठवू नका."

मी काही पोस्टमन नाही, म्हटलं. तो हसला. मी हसले नव्हते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नीना. प्रतापने स्वतःच फोटो पाठवला तिला. रडली. मग ओरडली. मग पुन्हा रडली.

"मी रोज तिची वेणी घालते. रोज तो चेहरा बघते. दादा वर्षातून दोनदा येतो, त्यातला एक वीकेंड गॉल्फ. त्याची आई खरी आणि माझी खोटी?"

तुकडा काढला. त्या जागी काही लावलं नाही. भोक तसंच ठेवलं. दोघांना एकच मेसेज केला: आठवड्यात ठरवा, लांबी वाळते आहे. नंतर मी भोकासकट पॉलिश करीन.

तेहतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशंटच्या पेशी रंगवल्या. एकाही पेशीने फोन केला नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल वादळ. समोरच्या गल्लीत सीडरचं झाड तारांवर पडलं. वीज नाही, हीटर नाही. कामाचं गॅरेज बर्फासारखं. प्रीता म्हणते माझ्याकडे ये. गेले नाही. ताटली टॉवेलमध्ये गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे.

थंडीत लांबी वाळायची थांबते. म्हणजे त्यांना आणखी आठवडा मिळाला. निसर्गही त्यांच्याच बाजूचा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी वीज आली, आणि लगेच फोन. नीनाचा नंबर. उचलावासा वाटत नव्हता.

"तू काचवाली का गं?"

म्हातारा आवाज. स्वतः आई. कुमुदिनीकाकू.

"हो, काकू."

"माझी पोरं तुला त्रास देताहेत."

"थोडा."

"थोडा नसेल. दोघांना मीच वाढवलंय."

मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? हा प्रश्न इतके दिवस माझ्याही डोक्यात आला नव्हता, याची लाज वाटली. पण मला ऑर्डर त्यांनी दिलेली नाही.

"मला कशाला विचारतेस? मी कुठे येतेय लग्नाला. माझी नुसती मुंडी जाणार."

"तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? उन्हाळ्यात शिकागोला जाऊन आले. गुडघे मी सांगितले. काहीतरी सांगावं लागतं ना."

मग आपणहून बोलली. नीनाच्या मुलाचं, नकुलचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं. हळद दळायला पाच बायका बसल्या. ही सहज जात्यापाशी जाऊन बसली, दळताना म्हणायच्या ओव्या तिलाच येत होत्या. कुणीतरी हाताला धरून उठवलं. "आजी, तुम्ही सोफ्यावर बसा, तिथून छान दिसतं."

"दिसत नव्हतं गं. पाठी दिसत होत्या. आणि ओवी कुणाला येत नव्हती, मोबाइलवर लावली होती. तेव्हाच ठरवलं, यापुढे माझे गुडघे दुखतात."

तिने विचारलं, "तुझे यजमान?"

"श्रीरामला जाऊन तीन वर्षं झाली."

"मग तुझं काय दुखतं?"

म्हटलं, डोळे. बारीक काम असतं.

"असं," म्हणाली.

मग व्हिडिओ लावायला सांगितला. चेहरा अर्धाच दिसत होता, वरचा. रुमाल ओला करून तिने कपाळ पुसलं.

"नीना रोज पावडर लावते. प्रेमाने लावते, म्हणून बोलत नाही. आता बघ. दिसतं?"

भुवयांच्या मधे, जरा वर, एक पांढरा डाग. गोल. टिकलीएवढा.

"ओल्या कुंकवाने काही झालं नाही. पुढे टिकल्या निघाल्या, चिकटवायच्या. वीस वर्षं लावल्या. जावेने कुंकू पुसलं, हे काही तिला पुसता आलं नाही. हे लाव."

टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, त्याने कातडीतल्या रंगाच्या पेशी मरतात. लॅबमध्ये असे नमुने यायचे. रंग सहसा परत येत नाही.

"प्रतापला सांगू नकोस मी फोन केला," म्हणाली आणि फोन उलटा ठेवला. बराच वेळ मला छत दिसत होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पांढरा म्हणजे पांढरा नाही. आधी दुधी काच लावून पाहिली, कपाळाला भोक पडल्यासारखं दिसलं. मग कातडीच्या सगळ्यात फिक्या रंगात थोडा गुलाबी मिसळून नवी काडी ओढली. दोनदा तुटली. तिसरी बरी आली.

लांबी वरून घट्ट, आत मऊ होती. तुकडा बसला. बोटाने दाबला नाही, चिमट्यानेच. आता कुणालाही फोटो पाठवणार नाही.

प्रतापचा मेसेज: काय ठरलं? माझं उत्तर: वाळलं.

खोटं होतं. वाळायला आणखी चार दिवस तरी लागतील.

१ डिसेंबर, रविवार

फटींत मेण भरलं, घासलं, पॉलिश केलं. घासताना पहिल्यांदा सगळं धुरकट होतं, वाटतं बिघडलं. दर वेळी वाटतं. मग एकदम चेहरा वर येतो.

बाई आली. कुणाची आई आहे ते तिचं तिने बघावं.

४ डिसेंबर, बुधवार

प्रताप आणि आर्य पिन न्यायला आले. आर्य उंच आहे, नर्सच्या कपड्यांतच आली. ड्यूटीवरून सरळ.

प्रतापने भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. मी चहा केला तरी बघतच होता.

"वहिनी, सुंदर. पण इथे एक तुकडा चुकलाय. कपाळावर. फिका पडलाय."

"चुकला नाही."

"बुडबुडा आहे का? नाही म्हणजे, लाल नाही ते समजलं, पण निदान सारखं तरी..."

आर्यने त्याच्या हातातून भिंग घेतलं. बघितलं आणि किंचाळली. मला वाटलं पिन टोचली.

"ओह माय गॉड. आजीचं बटण!"

प्रताप म्हणाला, "कसलं बटण?"

"बाबा, द बटण! लहानपणी आजी टिकली काढायची तेव्हा मी तिच्या कपाळावर दाबायचे आणि ती टिंग-टाँग म्हणायची. मग तोंड उघडायची आणि मी आत लाडूचा तुकडा टाकायचे. यू डोंट नो धिस?"

"मी ऑफिसात असायचो."

"यू नेव्हर सॉ इट?"

त्याने पुन्हा भिंग घेतलं. भिंग डोळ्याला लावून ठेवलं, पण पिन खाली टेबलावर होती. तो कशाकडे बघत होता कोण जाणे. चहा निवला, मला परत गरम करावा लागला.

आर्यने विचारलं, "आंटी, हाऊ डिड यू नो?"

सांगू नकोस असं काकू प्रतापबद्दल म्हणाल्या होत्या. आर्यबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या. आणि या घराण्याचे निरोप वाहून मी कंटाळले आहे.

म्हटलं, "तुझ्या आजीचे गुडघे बरे आहेत. तिला सोफ्यावर बसायचं नाही."

"व्हॉट सोफा?"

मग सगळं सांगावं लागलं. जातं, पाठी, मोबाइलवरची ओवी. मराठीत सांगितलं, तिला सगळं कळलं. प्रताप खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मला वाटलं खरंच दुखतात." मग म्हणाला, "मी विचारलं होतं." मग म्हणाला, "एकदा."

आर्यने तिथूनच आजीला फोन लावला. मी कपबशा घेऊन आत गेले. मला त्यांच्या घरच्या गोष्टी ऐकायच्या नव्हत्या. तरी ऐकू आलं: "नो, आजी. सोफा नाही. मी सोफा बाहेर फेकते."

७ डिसेंबर, शनिवार

नीना. मला वाटलं आभार मानेल.

"अहिल्याताई, आता आठवड्यावर लग्न आणि मी आईचं तिकीट कुठून काढू? दोन ठिकाणी विमान बदलावं लागतंय. आणि आई पावडर लावू देत नाहीये. म्हणते, काचेत नाही, मग इथे कशाला. मी काही लपवत होते का हो? मला वाटायचं तिला बरं वाटत असेल."

म्हटलं, तिला विचारा.

"तुम्ही सगळ्यांना हेच सांगता का?"

९ डिसेंबर, सोमवार

प्रतापचा फोन. आवाज खाली. "वहिनी, शुक्रवारी सकाळी आठला हळद. तुम्ही यायचंय."

"मला रिसेप्शनची पत्रिका आहे."

"हो, ते... सॉरी. पाच बायका आर्य निवडणार म्हणतेय. आई आहे. तुम्ही आहात. आईची अट आहे, काचवाली आली तर मी बसेन."

"मला ओव्या येत नाहीत."

"आई म्हणाली, तुम्ही असं काहीतरी म्हणाल. म्हणाली, दळता तर येईल. आणि म्हणाली, डोळे दुखत असतील तर मिटून दळा."

म्हटलं, बघते. शुक्रवार, त्यात तेरा तारीख, सकाळी आठ. त्या वेळी ४०५ हायवेवर गाड्या नुसत्या उभ्या असतात. हे लोक वेळ ठरवताना कुठे राहतात?

११ डिसेंबर, बुधवार

काकू बेलव्ह्यूला पोहोचल्या. पोहोचल्या पोहोचल्या पिन बघितली, आणि लगेच मला फोन.

"सगळं छान आहे गं. डाग तर हुबेहूब. पण नाक माझ्या नणंदेचं दिलंस."

"आता वाळलं, काकू."

"जरासुद्धा नाही होणार?"

"नाही."

"बरं. राहू दे. ती बिचारी लग्नाला नाहीच. येईल तेवढी." मग म्हणाली, "तू किती वाजता निघणार?"

"बघते."

"पावणेसातला निघ. ट्रॅफिक असतो म्हणे."

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रीता येऊन साडी इस्त्री करून गेली. मी सांगितलं नव्हतं. पिवळी काढली तिने, मी करडी म्हणत होते. जाताना आरशाकडे बघून म्हणाली, "शॅल आय?" आणि बॅगेतून ब्लेड काढलं. घेऊनच आली होती.

म्हटलं, राहू दे. मी काढीन सवडीने.

ती गेल्यावर एक काढली, डावीकडची वरची. ब्लेड लागलं नाही, नखाने निघाली. ओरखडा नाही. तिच्याखाली आरसा गोल, स्वच्छ होता.

पावणेसहाचा गजर लावला आहे. पिवळ्या साडीवर पॉलिशची पूड दिसेल, म्हणून तोंड धुतलं. कपाळावरची पूड ओल्या टॉवेलने घासली, मग साबणाने, मग पुन्हा टॉवेलने.

पूड नाही ती.